‘लिनक्स’ व्हील आणि ‘मेनीलिनक्स’ व्हील: शेवटचा आकडा वाचा

पायथनची लायब्ररी लिहिणाऱ्याला व्हील म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. कंपाइल केलेला माल भरलेली झिप फाइल, ठरावीक पद्धतीचं नाव. नावात सीपी३११ असेल तर पायथन ३.११, एक्स८६_६४ असेल तर नेहमीचा ६४ बिटांचा इंटेल-एएमडी प्रोसेसर. इथं कुणी अडत नाही. अडतात ते फाइलच्या नावातल्या ‘लिनक्स’ आणि ‘मेनीलिनक्स’ या दोन टॅगांपाशी, आणि दर वेळी त्याच जागी.

परवाचंच उदाहरण घ्या. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी एका मुलानं भट्टीच्या तापमानाच्या नोंदी वाचणारी लायब्ररी लिहिली. काम चोख, कोड खुला. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, तिथंच व्हील बनवलं आणि पेनड्राइव्हवरून फौंड्रीतल्या उबुंटू २०.०४च्या मशीनवर टाकलं. पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमनं, तक्रार न करता ते बसवून घेतलं. इम्पोर्ट केल्यावर मात्र ‘जीलिबसी_२.३४’ सापडत नाही अशी एरर. (जीलिबसी म्हणजे बहुतेक लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी; जवळपास सगळे प्रोग्रॅम तिच्यावर टेकतात.) “इन्स्टॉल तर झालंय की, सर!” हे त्याचं म्हणणं खरंच होतं, आणि गोंधळाचं मूळही तेच आहे.

नुसता ‘लिनक्स’ टॅग फक्त एवढंच सांगतो की ही फाइल या प्रोसेसरच्या लिनक्सवर बनली. ती आणखी कुठं चालेल याबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणून पिप ती अशा कुठल्याही मशीनवर बसवतो आणि बिंग फुटतं ते चालवताना. याच कारणानं पायपीआय, म्हणजे पायथन पॅकेजांचं सार्वजनिक भांडार, असं व्हील अपलोडच करू देत नाही. मेनीलिनक्स टॅग मात्र वचन देतो. ‘मेनीलिनक्स_२_२८’चा अर्थ असा, की ज्या मशीनवर जीलिबसी २.२८ किंवा त्याहून नवी आहे तिथं हे चालेल. तो २_२८ पायथनचा आकडा नाही, कर्नलचाही (लिनक्सच्या गाभ्याचाही) नाही. युनेम चालवून कर्नल तपासत बसणाऱ्यांनी तो वेळ वाचवावा आणि ‘एलडीडी --व्हर्जन’ चालवावं; जीलिबसीची आवृत्ती तिथं दिसते. उबुंटू २०.०४वर जीलिबसी २.३१ आहे, २२.०४वर २.३५.

आता ही एररच नीट समजून घेऊ. जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची चिठ्ठी चिकटलेली असते. २०२१ साली आलेल्या २.३४मध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि ‘पीथ्रेड_क्रिएट’ला २.३४ची नवी चिठ्ठी लागली. जुन्या चिठ्ठीचं फंक्शनही आत जपून ठेवलेलं आहे, त्यामुळे जुन्या मशीनवर बनलेली बायनरी (कंपाइल झालेली फाइल) नव्या मशीनवर बिनतक्रार चालते. उलटं होत नाही. नव्या मशीनवर लिंक करताना बायनरीत नवी चिठ्ठी उतरते आणि जुन्या मशीनकडे ती मुळात नसते. त्या मुलानं नवं फंक्शन एकही वापरलं नव्हतं. कोडची एक ओळही न बदलता, केवळ बनवण्याच्या जागेमुळे बायनरी बदलली.

इथं दुसरी चूक होते, आणि तिचा मला जास्त त्रास होतो. कुणीतरी सांगतं, “ऑडिटव्हील रिपेअर चालव, मेनीलिनक्स होऊन जाईल.” ऑडिटव्हील हे व्हील तपासणारं साधन दोन कामं करतं. तुमची बायनरी ज्या बाहेरच्या लायब्रऱ्यांवर टेकलेली आहे त्या व्हीलच्या पोटात भरतं, आणि बायनरीतल्या चिठ्ठ्या वाचून तिला शोभेल असा टॅग देतं. जीलिबसी मात्र ते पोटात भरत नाही, आणि चिठ्ठ्याही बदलत नाही. त्यामुळे २२.०४वर बनलेलं असं व्हील त्यातून ‘मेनीलिनक्स_२_३४’ किंवा ‘२_३५’ होऊन बाहेर पडतं. नावात मेनीलिनक्स दिसलं की मंडळी खूश होतात, पुढचा आकडा कुणी वाचत नाही. आणि ‘मेनीलिनक्स२०१४’च (जीलिबसी २.१७चा जुना टॅग) हवं असा आग्रह धरला, तर ऑडिटव्हील सरळ नकार देतं.

काही जण मग फाइलचं नाव हातानं बदलतात. हे कृपा करून करू नका. फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही: कास्टिंगची ग्रेड भट्टीत चार्ज भरताना ठरते. गार झालेल्या कास्टिंगवर दुसऱ्या ग्रेडचा नंबर पंच केला म्हणून आतलं लोखंड बदलत नाही, आणि तसा माल पाठवणं ही फसवणूक आहे.

म्हणजे जुनी जीलिबसी हवी ती कंपाइल करताना. त्यासाठी मेनीलिनक्सचे तयार कंटेनर, म्हणजे आपल्या मशीनवर चालवता येणारी बंदिस्त लिनक्स, आहेत: ‘२०१४’चा सेंटओएस ७वर, म्हणजे जीलिबसी २.१७वर उभा आहे, ‘२_२८’चा अल्मालिनक्स ८वर. दोन्हींत कंपायलर नवा आणि जीलिबसी जुनी, हीच त्यांची खरी कमाई. माझी पसंती ‘२_२८’ला. सेंटओएस ७ची मुदत जून २०२४मध्ये संपली, तेव्हा ‘२०१४’ तिथंच वापरावं जिथं गिऱ्हाईकाकडे उबुंटू १८.०४सारखी जुनी मशीन खरोखर चालू आहेत. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर जीलिबसीच नसते, तिथं मसल ही वेगळी सी लायब्ररी असते. तिच्यासाठी ‘मसललिनक्स’ हा वेगळा टॅग आहे. सीआयबिल्डव्हील हे व्हील बनवणारं साधन हे सगळं एका सेटिंगमध्ये करून देतं, आणि पहिल्या रिलीजपासून तेच लावावं असं माझं ठाम मत आहे. सोबत सोर्सचं पॅकेजही ठेवा.

त्या मुलानं ‘२_२८’च्या कंटेनरमध्ये तोच कोड पुन्हा बांधला. ऑब्जडम्पमध्ये (बायनरीतल्या चिठ्ठ्या दाखवणारी कमांड) ‘पीथ्रेड_क्रिएट’समोर आता २.३४च्या जागी २.२.५ दिसत होतं. फौंड्रीतल्या मशीनवर ते व्हील त्याच दुपारी चाललं.