ताऱ्याचं एकूण तेज मोजायचं, पण शून्य कुठे धरायचं?

मृग नक्षत्रातल्या काक्षी या लाल ताऱ्याचा बहुतेक प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, कारण तो अवरक्त असतो. अतितप्त निळ्या ताऱ्यांचं बरंचसं तेज अतिनील किरणांत जातं आणि ते वातावरणातच अडतं. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ दृश्य प्रकाशात ताऱ्याची प्रत (तेज सांगणारा आकडा; तो जितका लहान तितका तारा तेजस्वी) मोजतात आणि न दिसलेल्या तेजासाठी तापमानानुसार एक दुरुस्ती करतात. तिला बोलोमेट्रिक दुरुस्ती म्हणतात.

पण दुर्बिणीच्या संवेदकावर नोंदलेला आकडा म्हणजे नेमके किती वॅट? 1970च्या सुमारास यासाठी अभिजित ताऱ्याची थेट तांबं वितळवणाऱ्या भट्टीशी तुलना केली गेली. तांबं सुमारे 1085 अंश सेल्सिअसला वितळतं. त्या तापमानाला भट्टीच्या बारीक छिद्रातून किती प्रकाश बाहेर पडेल, हे भौतिकशास्त्राच्या नियमांवरून काढता येतं. भट्टी दुर्बिणीपासून दूर ठेवून तिचा प्रकाश आणि अभिजितचा प्रकाश एकाच उपकरणाने मोजायचा. यात खरी कसोटी होती हवेची. ताऱ्याचा प्रकाश वरून येतो, भट्टीचा जमिनीलगत आडवा. दोन्ही वाटांवर हवा किती प्रकाश गिळते, याचा वेगवेगळा हिशेब करावा लागला. इतक्या चिकाटीच्या कामाची दखल फारशी घेतली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

एवढं करूनही एकूण तेजाच्या मोजपट्टीचं शून्य ठरलेलं नव्हतं. सूर्याची बोलोमेट्रिक, म्हणजे एकूण तेजाची, प्रत कुणी 4.64 धरली, कुणी 4.75. एका तक्त्यातली दुरुस्ती घेऊन तिच्या जोडीला दुसऱ्या तक्त्यातला सूर्य घेतला, की ताऱ्याची तेजस्विता सुमारे 10 टक्क्यांनी चुकते.

बरं, सूर्यालाच पाया मानावं, तर त्याचंही मोजमाप बदलतं. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे 1365 वॅट मिळतात, असं आधीची उपकरणं सांगत. 2003मध्ये सोडलेल्या 'सॉर्स' उपग्रहावरच्या उपकरणाने हा आकडा 1361च्या आसपास आणला. जुन्या उपकरणांत विखुरलेला जास्तीचा प्रकाश आत शिरत होता.

म्हणून 2015मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने शून्य थेट वॅटमध्येच बांधून टाकलं: बोलोमेट्रिक निरपेक्ष प्रत (सगळे तारे एकाच ठरावीक अंतरावर आहेत असं मानून काढलेली प्रत) 0 म्हणजे 3.0128 × 10²⁸ वॅट. या पट्टीवर सूर्य 4.74वर येतो. उद्या सूर्याचं मोजमाप आणखी सुधारलं, तर बदलेल तो फक्त सूर्याचा आकडा. बाकीच्या ताऱ्यांना हात लावावा लागणार नाही.