पॅरिसकडे पाठ करून पॅरिसला

लंडन ते पॅरिस हवाई अंतर सुमारे 344 किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरला तर 26 मिनिटांत खेळ खलास. अंतर मोजून देणाऱ्या वेबसाइट चढ-उतारासाठी त्यात सरसकट अर्धा तास मिळवतात आणि 56 मिनिटं सांगून मोकळ्या होतात. लंडनचा हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ या फेरीच्या वेळापत्रकात मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्तच वेळ दिसतो.

एक तर हे घड्याळ जमिनीवरच सुरू होतं. विमान आपल्या जागेवरून हललं की सुरू, पलीकडे जाऊन जागेवर थांबलं की बंद. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आणि गर्दी अफाट, त्यामुळे उडण्याआधीची रांग, उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचा रस्ता, सगळं त्यात धरलेलं असतं.

पण खरी गंमत वाऱ्याची आहे. विमानाला उचलतो तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग; जमिनीशी त्याला देणंघेणं नाही. समजा, उडायला हवेचा वेग ताशी 270 किलोमीटर लागतो. समोरून 30 चा वारा असेल तर चाकांवर 240 गाठले तरी भागतं. वारा पाठीमागून आला तर तेच 300 होतात, आणि तेवढी धावपट्टीही जास्त लागते. म्हणून विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतं आणि तसंच उतरतं.

आता नकाशा बघा. या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि हीथ्रोच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. पॅरिस आहे आग्नेयेला. म्हणजे पॅरिसचं विमान आधी पॅरिसकडे पाठ करून पश्चिमेला उडतं आणि मग वळतं. शार्ल द गोलच्या धावपट्ट्याही जवळपास पूर्व-पश्चिमच. तिथे पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं, तर विमानतळाच्या पूर्वेला जाऊन मागे फिरावं लागतं. दोन्ही टोकांचे हे वळसे त्या 344 मध्ये नसतात. शिवाय 10,000 फुटांखाली साधारण 250 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 460 किलोमीटरची मर्यादा असते. ज्या 800 वर आपण हिशेब मांडला, तो वेग जेमतेम काही मिनिटं मिळतो.

परतीच्या वाटेवर आणखी एक भानगड. हीथ्रोला उतरायला जागा नसेल तर विमानं ठरलेल्या चार ठिकाणी घिरट्या घालतात: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल. एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने, आणि एका फेरीला सुमारे 4 मिनिटं. तिकिटावर मात्र परतीचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा वाटतो, कारण लंडनचं घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे असतं.

25 ऑगस्ट 1919 रोजी याच दोन शहरांमध्ये रोजची हवाई सेवा सुरू झाली, ती हीथ्रोजवळच्याच हाउन्स्लो हीथ या विमानतळावरून. प्रवासी एक पत्रकार, सोबत वर्तमानपत्रं आणि डेव्हनची साय. पॅरिसजवळच्या ले बूर्जे विमानतळावर पोचायला सुमारे अडीच तास लागले. आज लंडनच्या सेंट पँक्रसहून सुटणारी युरोस्टार रेल्वे ताशी 300 किलोमीटरने धावते, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात 160 वर येते, आणि तरी सुमारे सव्वादोन तासांत थेट पॅरिस शहरात सोडते. रुळांचं अंतर हवाई अंतरापेक्षा बरंच जास्त, जवळपास 490 किलोमीटर आहे.