शासकीय बांधकामाची पूर्वसूचना (कलम ५८)

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (अंमल ११ जानेवारी १९६७ पासून) याच्या कलम ५८ नुसार सरकारी खात्याने काम सुरू करण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाला द्यावयाची लेखी सूचना. प्राधिकरण म्हणजे बहुधा महानगरपालिका वा नगरपरिषद. काही क्षेत्रांत कलम ४० खालील विशेष नियोजन प्राधिकरण.

इतरांना बांधकामासाठी परवानगी लागते; सरकारसाठी परवानगीऐवजी सूचना का, याचा धागा मुंबईच्या एका जलवाहिनीपर्यंत जातो. महापालिकेला ती सरकारी जमिनीतून न्यायची होती. १८८८ च्या महापालिका कायद्याने सरकारही बांधले जाते, असे उच्च न्यायालयाने मानले; १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तत्कालीन सर्वोच्च अपील संस्थेने) तो निकाल फिरवला. कायद्यात स्पष्ट शब्द किंवा अटळ अर्थ असल्याखेरीज राजसत्ता बांधली जात नाही, असे तिचे म्हणणे होते. पुढे कलकत्ता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हे तत्त्व नाकारले. मात्र तो निकाल आणि हा अधिनियम जवळपास एकाच काळातले, त्यामुळे कलमावर त्याची छाप शोधणे धाडसाचे ठरेल. कलम ५८ ला जुन्या सवलतीचा अवशेषही म्हणता येईल. पण हरकतीनंतर काम थांबवण्याची अट पाहता ते बंधन म्हणूनच वाचणे अधिक सयुक्तिक.

प्रभारी अधिकारी किमान ३० दिवस आधी नकाशे व पूर्ण तपशिलासह पत्र देतो. विकास योजनेशी (शहराच्या जमीनवापराच्या नकाशाशी) किंवा बांधकाम उपविधींशी (स्थानिक बांधकाम नियमांशी) विसंगती, अथवा अन्य महत्त्वाचे कारण असल्यास प्राधिकरण हरकत घेते. मग खात्याने कामाचा आराखडा बदलायचा, नाहीतर प्रस्ताव हरकतींसह राज्य शासनाकडे पाठवायचा. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन निर्णय देते, तो अंतिम असतो. तोवर काम सुरू करता येत नाही.

चूक बहुतेक नकाशातच होते. जागेवर रस्ता ९ मीटरचा दिसतो, विकास योजनेत तो १८ मीटर असतो. आजच्या कडेला आखलेले पंपघर उद्याच्या रुंदीकरणात सापडते. मंजूर योजना पाहून समाधान मानणेही घातक, कारण तयार होत असलेल्या योजनेशी विसंगती हेही हरकतीचे कारण आहे. म्हणून नगर भूमापन क्रमांक आणि दोन्ही योजनांचे उतारे पत्रासोबतच जोडावेत. योजनेत त्या जागेवर अन्य उपयोगाचे आरक्षण आड येत असेल तर कलम ३७ खालील योजनेच्या फेरबदलाचा विचार कार्यादेशापूर्वी व्हावा. ठेकेदार जागेवर आल्यावर बदललेली प्रत्येक रेषा खर्च वाढवते.

अस्तित्वातील रस्त्याच्या हद्दीतील देखभाल, तसेच नळ, गटारे व केबल यांची तपासणी-दुरुस्ती यांना कलम ४३ मधील विकास-परवानगीच्या अटीतून सूट आहे. नवी वाहिनी टाकणे मात्र केवळ दुरुस्ती म्हणून खपवता येत नाही.