काटा नाचतोय की प्रेशर?

घरी बांधलेल्या छोट्या विमानात फ्युएल प्रेशरचा आकडा वरखाली व्हायला लागला की प्रश्न एकच: प्रेशर खरंच हलतंय, की प्रेशर जागेवर आहे आणि सेन्सर किंवा त्याची वायर थापा मारतेय? पॅनेलवर दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. मग सगळे कान इंजिनाकडे लावतात आणि ठरवून टाकतात, "इंजिन तर मस्त चाललंय, म्हणजे गेजच गंडलंय."

कार्ब्युरेटरच्या इंजिनात हा पुरावा कुचकामी आहे. इंजिन पेट्रोल ओढतं ते फ्लोट बाउलमधल्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतल्या साठ्यातून. पंप अधूनमधून हवा ओढतोय, प्रेशर ४ पीएसआयवरून १ वर घसरून परत चढतंय, तरी बाउल भरत राहतो तोवर कानाला काही म्हणजे काही कळत नाही. कळतं ते बाउल आटल्यावर. आणि तो आटण्याची शक्यता सर्वांत जास्त टेकऑफनंतर फुल थ्रॉटलच्या चढाईत, कारण पेट्रोल सगळ्यात जास्त तेव्हाच लागतं. इंजेक्शनच्या इंजिनाकडे असा साठा नसतो, ते लगेच अडखळतं.

म्हणून आकडा किती हलतो यापेक्षा खाली कुठवर जातो ते आधी बघा. कार्ब्युरेटरच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला किमान ०.१५ बार, म्हणजे साधारण २.२ पीएसआय लागतं. कार्ब्युरेटरवाल्या लायकमिंग इंजिनाचं अर्ध्या पीएसआयवरही भागतं. २ पीएसआय एकासाठी धोका, दुसऱ्यासाठी नेहमीचा आकडा.

आता थापाड्या गेजची लक्षणं. ते पेट्रोलशी नाही, विजेशी इमान राखतं. रेडिओचं बटण दाबलं आणि काटा उडाला, लँडिंग लाइट लावल्यावर आकडा पायरी चढल्यासारखा सरकून तिथेच बसला, ऑइल प्रेशरही त्याच क्षणी हललं, तर पेट्रोलच्या नळ्या उघडत बसू नका, अर्थिंग तपासा. एका वायरच्या सेन्सरचं अर्थिंग त्याच्या बॉडीतूनच होतं. आट्यांवर सीलंटचा जाड थर बसला की ते बिघडतं. सेन्सर थेट इंजिनावर बसवला असेल तर थरथराटाने तो लवकर मरतो. तो फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर बसवून इंजिनाला नळीने जोडणं बरं.

मधला एक प्रकार गमतीशीर आहे. डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडदा मागेपुढे हलवून चालणारा पंप प्रत्येक ठोक्याला झटका देतो, आणि डिजिटल गेज ठरावीक अंतराने डोकावतं. दोन्हींचा ताल जुळत नसला की पडद्यावर आकडा संथपणे डुलताना दिसतो. खरी हालचाल असते त्या बारीक झटक्यांची. सेन्सरच्या नळीला बारीक भोकाचं रिस्ट्रिक्टर फिटिंग लावलं की हे डुलणं बरंच शमतं. शिवाय ती नळी तुटलीच तर पेट्रोल धो धो वाहत नाही.

खऱ्या चढउताराचा संबंध उष्णतेशी किंवा सक्शनशी असतो. गरम इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी परत सुरू केल्यावर, काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, सगळं तापलेलं असताना, आकडा डगमगत असेल तर नळीत पेट्रोलची वाफ होतेय असं समजा. गाडीच्या पेट्रोलची वाफ अॅवगॅसपेक्षा, म्हणजे विमानाच्या खास पेट्रोलपेक्षा लवकर होते, त्यामुळे ते वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त. पण थंड सकाळीही तेच होत असेल तर टाकी आणि पंप यांच्यामधून हवा शिरत असावी: सिलेक्टरची, म्हणजे टाकी निवडायच्या कॉकची वाळलेली रबरी ओ-रिंग, सैल राहिलेला नट. ही गळती महा लबाड. नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि खाली एक थेंब सापडत नाही.

निवाडा जमिनीवर करा. सेन्सरच्या शेजारी टी (तीन तोंडांचा जोड) लावून साधं यांत्रिक गेज जोडा, विमान नीट बांधा, अग्निशामक हाताशी ठेवा. दोन्ही गेज एकत्र खाली गेली तर प्रेशर खरंच पडतंय. एकटा पॅनेलचा काटाच नाचला तर सेन्सर किंवा वायर. प्रेशर खरंच पडत असेल आणि बूस्ट पंप (विजेवर चालणारा जादाचा पंप) टाकीजवळ असेल, तर इंजिन बंद ठेवून तो पाच मिनिटं चालवा. सक्शनची नळी आता दाबाखाली येते, आणि जिथून हवा आत जात होती तिथूनच पेट्रोल पाझरायला लागतं. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. पेट्रोल १००एलएल जातीचं अॅवगॅस असेल तर त्यावर निळसर डाग उमटतो.