रचलेला फोटो आणि खोटा फोटो

‘प्रत्येक फोटो रचलेला असतो’ असं म्हटलं की समोरून लगेच प्रश्न येतो, ‘म्हणजे खोटाच ना?’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण या दोन शब्दांची गल्लत झाली की माणूस एक तर दिसेल त्या फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, नाही तर कशावरच ठेवत नाही.

रचना टाळताच येत नाही. चौकटीत काय घ्यायचं हे ठरवताना काय गाळायचं तेही ठरून जातं. खालून टिपलेला माणूस भारदस्त दिसतो, वरून टिपलेला केविलवाणा. लांब पल्ल्याच्या लेन्समधून विरळ गर्दीही दाट दिसते. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९६० च्या दशकात फोटोच्या अर्थाचे दोन थर वेगळे करून दाखवले : जे समोर दिसतं तो वाच्यार्थ, आणि ते पाहून मनात उमटतो तो सूचितार्थ. कवितेबद्दल बोलताना आपण अभिधा आणि व्यंजना म्हणतो, तीच ही जोडी. पण कविता वाचताना व्यंजना असणार हे आपण धरूनच चालतो. फोटोत वाच्यार्थ इतका ठसठशीत असतो की व्यंजना त्याच्या आडून नकळत आत येते.

डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे एका स्थलांतरित मजूर बाईचे काही फोटो काढले. त्यांतल्या काहींत तंबू दिसतो, सामान दिसतं, आणखी मुलं दिसतात. गाजलेल्या फोटोत उरते ती आई, मांडीवरचं तान्हं आणि तिच्या खांद्यांना टेकून पाठ फिरवलेली दोन मुलं. मुलांचे चेहरे दिसत नाहीत म्हणून नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आणि पाहणाऱ्याला मेरी आणि बाळ येशूची चित्रं आठवतात. ही रचनाच आहे. तरी बाई खरी आहे, तिची विवंचना खरी आहे. पुढे फोटोच्या कोपऱ्यातला, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा मात्र निगेटिव्हवर पुसट करण्यात आला. गाळलेल्या तंबूपेक्षा मला हा अंगठा जास्त खटकतो.

का, ते चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या मांडणीतून कळतं. काही चिन्हं सारखेपणामुळे अर्थ देतात, जसं व्यक्तिचित्र. काही प्रत्यक्ष संबंधामुळे देतात, जसा आगीचा धूर किंवा पावलाचा ठसा. फोटो दोन्ही असतो. वस्तूवरून आलेला प्रकाश फिल्मवर किंवा सेन्सरवर पडून ठसा उमटतो. चौकट आवळली तरी आतला ठसा शाबूत राहतो. अंगठा पुसला की तेवढ्या जागी ठसा संपतो आणि नुसता सारखेपणा उरतो.

हेच ठरवून, फसवण्यासाठी केलं की फोटो खोटा होतो. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव १९४० मध्ये गोळी घालून मारला गेला, आणि कालव्याकाठच्या फोटोत स्टालिनशेजारी तो होता तिथे नुसतं पाणी आलं. अर्थात खोटेपणाला ब्रश लागतोच असं नाही. एका पुराचा अस्सल फोटो दुसऱ्याच पुराचा म्हणून छापला, तर ठसा पूर्ण शाबूत असूनही फोटो खोटंच बोलतो. म्हणून फोटोइतकीच त्याखालची ओळही तपासावी लागते.

सगळ्यात अवघड जागा या दोहोंच्या मधली. रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये, क्रिमियाच्या युद्धात, एकाच ठिकाणाहून एका दरीचे दोन फोटो घेतले. एकात तोफगोळे कडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यात गोळे रस्त्यावर विखुरलेले आहेत. ते तिथे मुद्दाम आणून टाकले असतील, तर ठशात खोट नाही, पण ‘आम्हाला हे असंच सापडलं’ हा न बोललेला दावा खोटा आहे, आणि माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे. यातला आधीचा फोटो कोणता, यावर बराच वाद झाला. उत्तर मिळालं ते उतारावरच्या बारीक दगडांतून. गोळे रस्त्यावर असलेल्या फोटोत हे दगड किंचित खाली घसरलेले आहेत, म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. त्या दगडांची मांडणी कोणीच केली नव्हती.