भरपाई वृक्षारोपण (महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रे)

खासगी जागेतले झाड तोडल्यास त्याच्या बदल्यात नवी झाडे लावून ती जगवण्याचे कायदेशीर बंधन. महाराष्ट्रातील शहरांत ते ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ या कायद्याने घातले आहे. झाड स्वतःच्या आवारातले, अगदी आजोबांनी लावलेले असले, तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. या कायद्यात ‘तोडणे’ या संज्ञेत जाळणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे हेही येते; म्हणजे बुंध्याची साल काढून किंवा मुळाशी ॲसिड ओतून झाड वाळवले, तरी तो गुन्हाच.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा असतो. तो जागेवर येऊन पाहणी करतो, झाडाची जात आणि बुंध्याचा घेर नोंदवतो. मग वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि त्या झाडावरही नोटीस लावली जाते, जेणेकरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरकत घेता यावी. परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. वाळलेल्या, रोगट किंवा जीवित-वित्ताला धोका असलेल्या झाडांसाठी वेगळी तरतूद आहे. वादळवाऱ्यात आपोआप पडलेल्या झाडाच्या जागी नवे लावायचा आदेशही मालकाला देता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मूळ कायद्यातली अट साधी होती: झाड तोडल्यापासून ३० दिवसांत त्याच जागी किंवा अन्य योग्य ठिकाणी, त्याच किंवा दुसऱ्या योग्य जातीचे झाड लावावे. साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात हातभर उंचीचे रोप लावून मोकळे होणे यात सहज शक्य होते. २०२१ च्या दुरुस्तीने हा हिशेबच बदलला. तोडल्या जाणाऱ्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे. रोपे लावतानाच किमान ६ ते ८ फुटांची. जिओ-टॅगिंग (प्रत्येक रोपाचे नेमके ठिकाण डिजिटल नकाशावर नोंदवणे) करून ७ वर्षे देखभाल. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले.

अडचण कागदावर नाही, जमिनीत आहे. पुनर्विकासाला निघालेल्या एखाद्या सोसायटीत ४० वर्षांचा वर्षावृक्ष आहे असे धरू. त्याच्यापोटी ४० झाडे लावायची. पण नव्या आराखड्यात आवाराखाली तळघरातले पार्किंग असते, वर पोडियम (पार्किंगवर टाकलेला काँक्रीटचा सपाट मजला) आणि कडेने पेव्हर ब्लॉक. पोडियमवरच्या उथळ मातीत शोभेचा चाफा तग धरेल. वड, पिंपळ, आंबा कसा धरेल? मग झाडे महापालिका दाखवील त्या दूरच्या भूखंडावर जातात किंवा दाटीवाटीने लावून आकडा पूर्ण केला जातो. ज्या गल्लीची सावली गेली, तिथे परत काहीच येत नाही. म्हणूनच बांधकामाचा नकाशा मंजूर होतानाच खरी, खोल माती मोकळी राखणे हे रोपांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे. दुसरा कच्चा दुवा देखभालीचा. विकासक इमारत सोपवून निघून जातो, पाण्याच्या टँकरचे बिल सोसायटीच्या गळ्यात पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात रोपे वाळतात. ७ वर्षांची अट याच काळासाठी आहे. ती पाळली जाते का, हे जागेवर जाऊन पाहायला पुरेसे उद्यान कर्मचारी हवेत.

शहरांबाहेर हा कायदा लागू नाही. तिथे झाडे तोडण्याचे नियमन करणारा १९६४ चा वेगळा कायदा आहे आणि त्याचा भर साग, आंबा, मोह, चिंच, जांभूळ, खैर अशा अनुसूचित झाडांवर आहे. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा चालतो. तोडलेल्या झाडाच्या बदली लागवडीचे बंधन त्यातही आहे.