हातोड्याने पाडलेली इंग्लिश चांदीची नाणी: घेण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण ट्रे बघून हेच विचारतात, की अहो हे नाणं वाकडं का, राजाचं नाक कुठे गेलं, आणि अर्धी अक्षरं काठाबाहेर कशी गेली. ज्यांनी घरी शिवराई हाताळली आहे ते मात्र विचारत नाहीत, कारण तिथेही हाच प्रकार, ठसा एकीकडे आणि धातूचा तुकडा दुसरीकडे. तेव्हा मशीन नव्हतं. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात ठोकून बसवलेला, त्यावर चांदीची चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि वरून हातोडा. वरचा ठसा सगळा मार खायचा म्हणून लवकर झिजायचा, त्यामुळे खालच्या एका ठशामागे वरचे दोन तरी द्यावे लागायचे. इंग्लंडमध्ये हे असंच 1662 पर्यंत चाललं, आम्ही मात्र मुख्यतः 1180 ते 1485 मधलीच नाणी ठेवतो.

पहिलं नाणं कुठलं घ्यावं? आमचं उत्तर ठरलेलं आहे, एडवर्ड पहिल्याची लंडनची पेनी. लोकांना मोठं नाणं हवं असतं म्हणून ते ग्रोटकडे (म्हणजे चार पेनीचं नाणं) वळतात, दिसायला सुंदर असतो हे खरं, पण किंमत दुप्पट-तिप्पट आणि शिकायला मिळतं तेवढंच. बरी वाचता येणारी एडवर्डची पेनी आमच्याकडे साधारण 30 ते 60 पाउंडात येते.

आता ती हातात घ्या, काठाला धरून, मध्ये बोट लावू नका. छाप्यावर समोरून मुकुट घातलेला चेहरा आणि दोन्ही बाजूंना कुरळे केस. हे एडवर्डचं खरं रूप नाही बरं का, ठसा करणारा माणूस छोटे छोटे पंच ठोकून डोळे, केस, मुकुट, अक्षरं सगळं जुळवायचा, त्यामुळे बाप (एडवर्ड पहिला) आणि मुलगा (एडवर्ड दुसरा) नाण्यावर अगदी सारखे दिसतात. भोवती लॅटिनमध्ये ‘एड्व् आर आंग्ल् डीएनएस हिब्’, म्हणजे एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी. काट्यावर लांब क्रॉस, त्याच्या चार कप्प्यांत तीन-तीन ठिपके, आणि काठाने ‘सिवि-तास-लोन-दोन’ असं चार तुकड्यांत टाकसाळीचं नाव. कँटरबरी असेल तर ‘सिवितास कान्तोर’, ब्रिस्टल असेल तर ‘विला’ने सुरुवात. हे वाचता आलं की अर्धं काम झालं. बाप की मुलगा हे ओळखायला मुकुटाच्या कळ्यांचा आकार, अक्षरांची ठेवण, आणि राजाचं नाव ‘एड्व्’ आहे की ‘एडवा’ की ‘एडवार’ हे बघावं लागतं. त्यावरून क्लास ठरतो, 1 ते 15, आणि मधल्या 10 नंबरमध्ये तर बाप-मुलगा दोघांचीही नाणी येतात, तिथे भलेभले अडकतात, भिंग घेऊन या, आम्ही बसून दाखवतो.

क्रॉस काठापर्यंत का नेला त्यामागे एक चोरी आहे. काठाची चांदी कातरून काढायची आणि नाणं पुढे खपवायचं हा तेव्हाचा मोठा धंदा होता, म्हणून 1247 ला हेन्री तिसऱ्याने क्रॉसचे हात काठापर्यंत वाढवले, कातरलं तर लगेच दिसावं म्हणून. कातरणं काही थांबलं नाही. 1278 मध्ये एडवर्डने याच आरोपावरून देशभरातल्या ज्यू लोकांना तुरुंगात टाकलं, लंडनमध्ये शेकडो जणांना फाशी दिली, आरोप ख्रिश्चनांवरही होते पण फासावर गेले ते बहुतेक ज्यूच. मग 1279 ला नवीन नाणी आली, ती हीच.

लांब क्रॉसच्या आधीच्या ‘शॉर्ट क्रॉस’ (आखूड क्रॉस) पेन्यांवर 1180 पासून 1247 पर्यंत एकच नाव, ‘हेनरिकस रेक्स’, म्हणजे राजा हेन्री. मध्ये रिचर्ड आणि जॉन राजे होऊन गेले तरी ठशावरचं नाव कुणी बदललंच नाही, म्हणून रिचर्ड द लायनहार्टचं नाव असलेली इंग्लिश पेनी कुणी विकत असेल तर तिथून सरळ निघा, तशी पेनी नाहीच. याच काळातल्या नाण्यांवर काट्याच्या बाजूला ती पाडणाऱ्या माणसाचं आणि गावाचं नाव असतं, आणि सुट्ट्या पैशांसाठी लोक पेनीच क्रॉसवरून कापून अर्धी आणि पाव करायचे. हे कापलेले तुकडे स्वस्त मिळतात आणि आमच्या मते फार गोड असतात, पण गिऱ्हाईक त्याला तुटकं नाणं समजून बाजूला सारतं.

वजन जरूर बघा, खिशात मावणारा डिजिटल काटा पुरतो. एडवर्ड पहिल्याची पेनी पूर्ण असेल तर 1.4 ग्रॅमच्या आसपास. चांदी महाग होत गेली तसं वजन घटवत नेलं: 1351 ला साधारण 1.17 ग्रॅम, 1412 ला 0.97, 1464 ला जेमतेम 0.78. म्हणजे एडवर्ड चौथ्याची हलकी पेनी हलकी आहे म्हणून खोटी नाही, पण एडवर्ड पहिल्याची एक ग्रॅमची असेल तर ती कातरलेली, फार झिजलेली किंवा नकली. काठावर सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ओतीव नकली समजा. 1299 च्या सुमारास परदेशातून आलेल्या नकला वेगळ्या, त्यांना क्रॉकर्ड आणि पोलर्ड म्हणतात, 1300 ला त्या बंद केल्या, त्या जुन्याच आहेत आणि आम्ही तसं सांगूनच विकतो.

आणि हात जोडून विनंती, पितांबरी नको, चिंच नको, टूथपेस्ट नको. काळसर रंग म्हणजे घाण नव्हे, तो शेकडो वर्षांत चढलेला थर आहे आणि घासलेलं नाणं भिंगाखाली दोन सेकंदात कळतं, किंमत तिथेच पडते. नाणं वाकलेलं असेल तर सरळही करू नका, जुनी चांदी कडक होते, कट्‌कन मोडते. शिवाय ते नांगराने वाकलं असेल असंच नाही, आजारी माणसासाठी एखाद्या संताला नवस बोलताना पेनी वाकवायची रीत इंग्लंडमध्ये होती, आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही. ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यातून हिरवट चिकटा सुटतो, ॲसिड-फ्री कागदी पाकीट सगळ्यात बरं.

कायद्याचं थोडक्यात. एका जागी 300 वर्षांहून जुनी, चांदीचं प्रमाण 10 टक्के तरी असलेली दोन किंवा जास्त नाणी सापडली तर इंग्लंडमधल्या 1996 च्या कायद्याने ती ‘ट्रेझर’ (ठेवा), आणि 14 दिवसांत कळवावं लागतं. म्हणून मेटल डिटेक्टरवाल्याकडून परस्पर घेताना कुठे सापडलं ते लेखी मागा. भारतात कुणाला भेट न्यायची असेल तर आधी आम्हाला सांगा, जमिनीतून निघालेल्या वस्तूला बाहेर न्यायला एक्सपोर्ट लायसन्स लागू शकतं, बिल सोबत ठेवा, मोज्यात गुंडाळून नेऊ नका.

आम्ही विकतो त्या प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर राजा, टाकसाळ, क्लास आणि वजन पेन्सिलीने लिहिलेलं असतं. आवडलं नाही तर महिन्याभरात परत आणा, पैसे परत. फक्त घासून आणलं असेल तर घेणार नाही.